सान ब्लासच्या घरची पाहुणी

टेकडीवरच्या सान ब्लास या संताच्या चॅपलची किल्ली आमच्या ओब्दुलियामावशीच्या कमरेला असायची. झाडलोट, चुना, दिव्याचं तेल, सगळं तीच बघायची. पण सान ब्लासकडे गाव यायचं ते फेब्रुवारीत एक दिवस, घसे चांगले राहावेत म्हणून. खाली ओढ्याकाठी मारियामातेच्या चॅपलकडे मात्र बारमाही रीघ. लग्नं तिथे, नवस तिथे. तिथली किल्ली कासिल्दाकडे, आणि मावशीच्या पोटात दुखायचं ते त्यानेच.

"लोकांना चढ नको," ती म्हणायची. "देवसुद्धा उतारावरचा हवा."

एका हिवाळ्यात वादळाने खालचं छप्पर बसलं. दुरुस्ती होईपर्यंत मातेची मूर्ती वर ठेवायची असं पाद्रीबाबांनी ठरवलं. मावशी हरखली. रविवारी टेकडी माणसांनी फुलली, पण फुलं सगळी मातेपुढे. सान ब्लासपुढे जुन्या मेणबत्तीचं थुटुक. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. लोक गेल्यावर तिने मूर्ती ओढत दारामागच्या कोपऱ्यात नेली.

दुसऱ्या दिवशी कासिल्दा मातेचा धुतलेला झगा घेऊन धापा टाकत आली.

"इथे का गं ठेवलीस?"

"मधे गळतं."

कासिल्दाने वर पाहिलं. छत कोरडं ठणठणीत. "मग तुझा संत भिजत नाही?"

"त्याला सवय आहे."

कासिल्दा भांडली नाही. कोपऱ्यातच तिने मातेला झगा चढवला आणि निम्मी फुलं उचलून सान ब्लासपुढे ठेवली.

"उपकार नकोत मला," मावशी कडाडली.

"तुझ्यावर कसले उपकार? माझ्या नवऱ्याचा, रामिरोचा घसा गेला, तेव्हा रोज चढून येत होते मी याच्याकडे. तू दार उघडून द्यायचीस आणि तोंड फिरवून बसायचीस."

मावशीला तेव्हा वाटलं होतं, ही आपलं चॅपल किती रिकामं आहे ते बघायला येते. रामिरो त्याच वर्षी वारला होता. मावशीने मूर्तीची एक बाजू धरली. मग म्हणाली, "धर त्या बाजूने." दोघींनी मूर्ती पुन्हा मधे आणली.

वसंतात माता खाली गेली, मागोमाग गर्दीही. मावशीचा मत्सर काही गेला नाही. त्याच वर्षी माझं लग्न झालं, खालीच. मावशी आली, कासिल्दाशेजारी बसली, आणि जेवताना मला म्हणाली, "छप्पर छान झालंय. पण आवाज घुमत नाही. माझ्याकडे घुमतो."