वरच्या मजल्याचा आकडा

लाँड्रीत तिला सगळे ‘चौकशी’ म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. धुवायला टाकण्याआधी कपड्यांचे खिसे तपासायचे, हे तिचं काम. आता खिसे तपासायचे म्हणजे निघेल ते बाजूला ठेवायचं, एवढंच मालकाचं म्हणणं. पण ही बाई सापडलेली वस्तू हातात धरून गिऱ्हाइकाला विचारणार, “एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या कशाला घेऊन फिरता हो?” गिऱ्हाईक बिचारं कोट न्यायला आलेलं, घरचा सगळा इतिहास सांगून जायचं. मालक कपाळाला हात लावायचा, पण त्या गप्पांपायीच लोक पुन्हा येतात हे त्यालाही कळत होतं.

अशा बाईच्या दारात गॅस आणि विजेची कंपनी बदलून देणारा माणूस आला. त्याचं नशीब, दुसरं काय!

“दोन्ही आमच्याकडून घ्या, ताई. एकच बिल येईल, आणि आत्तापेक्षा कमी येईल,” तो म्हणाला.

“म्हणजे तार नवी टाकणार?”

“नाही, तार तीच.”

“गॅसचा पाइप?”

“तोही तोच.”

“वीज तरी वेगळी असेल.”

“वीजही तीच हो.”

“मग बदलतं काय?”

त्या माणसाने जरा विचार केला. “बिलावरचं नाव,” तो म्हणाला.

इतकं सरळ उत्तर तिला बऱ्याच दिवसांत कुणी दिलं नव्हतं. तिने त्याला आत बसवलं, चहा दिला, आणि जुन्या कंपनीची उरलेली वीज तारेतून बाहेर कशी काढता, हेही विचारून घेतलं. शेवटी त्याने पिशवीतून तळहाताएवढा एक पडदा काढला. घरात या घडीला किती वीज चालली आहे आणि किती गॅस जळतो आहे, त्याचे आकडे म्हणे यात दिसणार. झालं, बाई विरघळल्या. सही करायला नवऱ्याला आतून बोलावलं.

पण हा पडदा तिला नुसत्या हौसेपोटी नको होता, हेही सांगायला हवं. घर दुमजली. खाली ती, शाळेची बस चालवणारा नवरा आणि कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली. वर तिच्या थोरल्या जाऊबाई, एकट्याच. थोरले दीर वारल्यापासून जाऊबाई घरातच शिवणकाम करून स्वतःचं भागवत. सासऱ्यांच्या वेळेपासून दोन्ही मजल्यांना मीटर एकच, आणि बिल निम्मं-निम्मं. ‘घर एक तर मीटर एक’ असं सासरे म्हणायचे. ते म्हणून मोकळे झाले, निस्तरायला या दोघी.

दिवसभर खालचं घर रिकामं, आणि वर मशीनची खडखड चालू. बिल वाढू लागलं तेव्हा चौकशीबाईंनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला. आणि एका संध्याकाळी जिन्यात जाऊबाई समोर आल्या, तेव्हा तो निकाल तोंडातून निघूनही गेला. “मशीन तुमचं चालतं, आणि बिल आमचं फुगतं.”

जाऊबाई बाजूने वर निघून गेल्या. तोवर रोज संध्याकाळी दोघींचा चहा वरच व्हायचा. त्या दिवसापासून ना ही वर गेली, ना त्या खाली आल्या. निम्मं बिल नवऱ्याच्या हातून येऊ लागलं आणि निरोपही. “दिवसभर शाळेची पोरं पोचवायची आणि घरी आलं की तुमचे निरोप,” नवरा कुरकुरायचा.

आता पडद्यावर सिद्ध करून दाखवायचं, की वीज खातं कोण. एकदा सिद्ध झालं की मीटर वेगळे. वरचं वरती, खालचं खालती. वायरमनला रविवारी यायला सांगूनही झालं होतं. वर निरोप धाडला, तर उत्तर आलं, “तिला हवं तसं करू दे.” एका शिवणकामावर जाऊबाईंना वरचं सगळं बिल झेपेल का, हा प्रश्न नवऱ्याने एकदा विचारून पाहिला. बाकी सगळ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या बाईने तो ऐकलाच नाही.

पडदा आला आणि घरात कुणाला सुख राहिलं नाही. धाकटीने केस वाळवायचं यंत्र लावलं की हिच्या छातीत धस्स. “तेवढ्यात अख्ख्या गल्लीत दिवे लागले असते,” ही म्हणायची. नवरा गरम पाण्याखाली उभा राहिला की गॅसचा आकडा चढायचा, आणि ही बाहेरून दार वाजवायची. मुलींनी त्या पडद्याला ‘आजेसासूबाई’ नाव ठेवलं. पण अडचण अशी, की पडदा सगळ्या घराचा मिळून एकच आकडा सांगे. त्यातून वरचा आकडा वेगळा कसा काढायचा?

चौकशीबाईंना उपाय सुचला. लाँड्रीतून सुट्टी घेतली, घरच्यांना बाहेर पिटाळलं, आणि खालच्या मजल्याचा मुख्य खटका ओढला. फ्रिज थांबला, दिवे गेले, आणि सॉकेटला जोडलेला पडदाही विझला. आता वाचायचं काय, कपाळ? हसू आलं तिला, पण हसायला बरोबर कुणी नव्हतं. खटका परत वर केला आणि मग दिवे मालवत, एकेक प्लग उपटत घरभर फिरली. हीटर, फ्रिज, टीव्ही, मुलींची ती चार्जरची वेटोळी, सगळं काढलं. एक पडदा तेवढा ठेवला. थंडीचे दिवस, म्हणून कोट घालून त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

आकडा पार तळाला गेला होता. असेना, तिने मनाशी म्हटलं. मशीन सुरू होऊ दे, मग बघू.

थोड्या वेळाने वर खडखड सुरू झाली. आकडा हलला नाही. खडखड थांबली, पुन्हा सुरू झाली, चांगली लांबलचक शिवण चालली असावी. आकडा ढिम्म. तिने पडद्याला टिचकी मारली. मग खात्री करायला केटलीचा प्लग लावला, तर आकडा टुणकन उडाला. काढला, तर बसला. म्हणजे पडदा ठणठणीत होता.

मग मशीन चालतं कशावर?

एव्हाना तिची बोटं गारठली होती. हीटर बंद करून किती वेळ झाला, तेवढ्यातच. आणि वरचा हीटर चालू असता तर तोही या आकड्यात दिसला असता, हे तिच्या आत्ता कुठे ध्यानात आलं. वर जायचं की नाही, असा विचार करत ती जिन्यापाशी आली. पण माहीत करून घेतल्याशिवाय राहवेल, तर ती चौकशी कसली. चढली.

दार उघडंच होतं. जाऊबाई खिडकीशी बसून शिवत होत्या. अंगात दोन स्वेटर, वरून थोरल्या दिरांचा कोट. पाय मशीनच्या पायट्यावर, खालीवर, खालीवर. मशीनच्या बाजूला मोटर बसवायची जागा रिकामी होती, नुसती दोन भोकं दिसत होती. शिवून झालेल्या कपड्यांची चळत जाड फळीखाली दाबून ठेवली होती, इस्त्रीऐवजी. जाऊबाईंचे घोटे सुजून पायमोज्यांवरून फुगले होते.

“ये,” जाऊबाई म्हणाल्या, जणू काल संध्याकाळीच चहा झाला होता.

“मोटर कधी काढलीत?” हिने विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

“झाले की दिवस. तू बोललीस त्याच आठवड्यात.”

“आणि हीटर?”

“आधी मोटर काढली. तरी बिल तेवढंच. मग इस्त्री ठेवून दिली. तरी तेवढंच. मग हीटर.” त्यांनी दोरा दाताने तोडला. “मला काही समजेना. एवढं कमी करते तरी बिल कमी कसं होत नाही? माझंच काहीतरी चालू राहत असेल, असं वाटून निजताना उठून सगळे खटके बघायचे.”

बिल कमी का होत नव्हतं, ते खालच्या पडद्याने गेले कित्येक दिवस सांगितलं होतं. केस वाळवायच्या यंत्राने सांगितलं होतं, गरम पाण्याने सांगितलं होतं. ती रोज वाचत होती आणि तिला दिसलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. ती तिथेच कापडाच्या ढिगावर बसली.

“वेड्यासारखं थंडीत कशाला बसलात?” ती म्हणाली. “ह्यांच्या हाती एकदा निरोप धाडायचा, मोटर काढली म्हणून. भांडायचं माझ्याशी.”

जाऊबाईंनी सुई कापडात खोवून ठेवली.

“मला वाटायचं, बिल कमी झालं की तू पुन्हा वर येशील,” त्या म्हणाल्या.

चौकशीबाई उठल्या. कोपऱ्यात हीटर होता, वर धूळ. तिने प्लग लावला आणि खटका दाबला.

“अगं, आकडा चढेल खाली,” जाऊबाई म्हणाल्या.

“चढू दे,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.