तांब्याचा खरा लाल

माझ्या धाकट्या दिरांचे दुकान आमच्या घराच्या तळमजल्यावर आहे. एक काउंटर, दोन खुर्च्या, भिंतीभर लहान खणांचे कपाट आणि उत्तरेकडे रुंद खिडकी. तिथे ते जुनी तांब्याची नाणी विकतात. हे गेल्यापासून मी वरच्या दोन खोल्यांत एकटी राहते, पण दुपारचा चहा खाली भाऊजींबरोबरच होतो.

सोन्याच्या नाण्यांना त्यांनी कधी जवळ केले नाही. म्हणतात, "सोनं काय, मेलं तरी पिवळंच." तांब्याचे तसे नाही. टाकसाळीतून निघते तेव्हा ते लाल असते. मग हवा लागते, दमटपणा लागतो, लोकांच्या बोटांचा घाम लागतो आणि ते हळूहळू तपकिरी होते. एकाच साच्यातली, एकाच वर्षाची दोन नाणी असली, तरी लाल राहिलेल्याला तपकिरीच्या कित्येक पट भाव येतो. गेलेला लाल परत येत नाही. लोक हौसेने लिंबू-मीठ लावून नाणे घासतात, ते लखलखते आणि मातीमोल होते.

भाऊजी प्रत्येक नाणे खिडकीपाशी नेऊन तिरके करत, आणि मग त्याच्या पाकिटावर लिहीत: लाल, लाल-तपकिरी किंवा तपकिरी. त्या शब्दावर विसंबून दूरदूरचे ग्राहक नाणे न पाहता मागवत. त्यांची सारी पत त्या शब्दात होती.

गेल्या वर्षी एक दिवस दाताचे डॉक्टर आले. जुने गिऱ्हाईक. कवळीचा दात शेजारच्या दाताशी जुळवायचा म्हणजे रंगाची पारख आलीच, त्यामुळे दोघांचे चांगले जमते. त्यांनी एक पाकीट काउंटरवर ठेवले.

"काका, यावर तुम्ही तपकिरी लिहिलंय. हे लाल आहे. मला फुकटात मिळाल्यासारखं झालं, झोप लागेना."

"काहीतरीच!" भाऊजी खिडकीपाशी गेले. त्यांनी नाणे पुन्हा पुन्हा तिरके केले. "मला तपकिरीच दिसतंय हो."

"मग डोळे दाखवा."

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. भाऊजींच्या तोंडचे पाणी पळाले. ऑपरेशनला घाबरणारा माणूस नव्हे. त्यांची काळजी वेगळी होती.

"वहिनी, नवं भिंग बसवल्यावर सगळे रंगच बदलले तर? या वयात मी लाल कशाला म्हणायचं ते पुन्हा कुठून शिकू?"

"आणि नाही बसवलं तर?"

"तर चुकीचं लिहीत राहीन. दुकान बंद केलेलं बरं."

"मग बसवून बघा. बंद करायचं तर नंतरही करता येईल."

"तुम्ही म्हणजे ना, वहिनी, अगदी मिशनच्या शाळेतल्या कडक बाई!"

आधी उजवा डोळा झाला. पट्टी निघाली त्या दुपारी मी चहा घेऊन खाली गेले, तर भाऊजी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून एकच नाणे पाहत होते आणि स्वतःशीच हसत होते.

"उजव्यानं लाल, डाव्यानं चहा! वहिनी, इतकी वर्षं मी चहातून बघत होतो."

मग खणामागून खण उघडले गेले. तपकिरीची लाल-तपकिरी झाली, काही लाल झाली, जुनी पाकिटे फाडून नवी लिहिली गेली. मी पाकिटे पुढे करत होते आणि ते शीळ घालत होते.

शेवटी त्यांनी काचेच्या पेटीतले, जहाजाचे चित्र असलेले नाणे काढले. दोन वर्षांपूर्वी घेतलेले, दुकानातले सर्वांत लाल, त्यांचा अभिमान. ते दाताच्या डॉक्टरांनी सांगून ठेवले होते; न्यायला संध्याकाळी येणार होते. भाऊजींनी ते खिडकीपाशी तिरके केले आणि शीळ थांबली.

"वहिनी, तुम्ही बघा. कसं दिसतंय?"

"गुलाबी," मी म्हटले. "बाहुलीच्या गालासारखं."

"तेच. खरी चमक तिरकं केलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. ही जागची हलत नाही. कुणीतरी रसायनात धुतलंय हे." त्यांनी खुर्ची ओढली. "चहातून बघताना हे गुलाबी मला लाल दिसलं, आणि मी याला मखरात बसवलं."

मला वाटले, आता दुकानाला कुलूप. पण त्यांनी नवे पाकीट घेऊन त्यावर ठळक अक्षरांत "धुतलेले" लिहिले आणि चहा पुढे ओढला. गार झालेला चहा त्यांनी चवीने प्यायला.

डॉक्टर आल्या आल्या भाऊजींनी ते पाकीट त्यांच्यासमोर ठेवले.

"अहो, पण मलाही ते लालच वाटलं होतं!" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही काचेतून, दिव्याखाली पाहिलंत. चूक माझी. मी हातात घेऊन पाहिलं होतं."

डॉक्टर पाकीट उलटसुलट करत राहिले. मग त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. "एक जण लाल म्हणून गळ्यात मारतोय. पैसे अजून दिलेले नाहीत. म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावं."

भाऊजी उठले. खिडकीपाशी जाऊन त्यांनी नाणे कडेने धरले, डावा डोळा मिटला, सावकाश तिरके केले.

"तपकिरी," ते म्हणाले. "लालचे पैसे देऊ नका. पण घ्या मात्र जरूर. असा एकसारखा, मऊ तपकिरी, अंगठ्याचा डागसुद्धा नाही. वहिनी, या, बघा तरी!"

आम्ही तिघे खिडकीपाशी दाटीवाटीने उभे राहिलो. डाव्या डोळ्याची तारीख भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी स्वतः फोन करून घेतली.