ललिताची लिंक, तेजलचे कमिशन

सिडकोतल्या त्या गल्लीत मोबाईलवरून वस्तू खपवण्याचे काम सर्वांत आधी ललिताने सुरू केले, ही गोष्ट ती कुणालाही विसरू देत नसे. काम साधे होते. ऑनलाइन दुकानातल्या वस्तूची लिंक घ्यायची, तिच्यात आपला क्रमांक असतो. ती ओळखीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकायची. त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की आपल्याला कमिशन. ललिता या कामात चोख होती. कुकरची शिट्टी स्वतः वाजवून पाहिल्याशिवाय ती कुकरची लिंक टाकत नसे.

हे सगळे धाकट्या जावेला, तेजलला, तिनेच शिकवले. दोन दुपारी तेजल तिच्या ओट्याशी उभी राहून शिकली आणि पाथर्डी फाट्याच्या आपल्या फ्लॅटवर गेली. आठ महिन्यांत तिच्याकडे गोल दिवा आला, व्हिडिओ आले आणि ग्रुपवर हजाराच्या वर बायका आल्या. ललिताच्या गल्लीतल्यासुद्धा.

सासूबाई, चांगुणाबाई, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमची तेजल बसल्या जागी कमावती. लय हुशार हाय."

आत ललिताच्या तव्यावरची भाकरी करपायची.

त्यातच कंपनीची सूचना आली. तीन महिन्यांत किमान दहा विक्री झाल्या नाहीत, तर खाते बंद. शेवटची तारीख तीस. ललिताच्या नावावर विक्री दिसत होत्या नऊ.

हे तिला पटणे शक्य नव्हते. दर रविवारी विहारात वंदना झाली की बायका पायऱ्यांवर टेकत आणि आपापले फोन तिच्यापुढे करत. "ललिता, तूच करून दे गं. आम्हाला नाय जमत." ती एकेकीचा फोन घेई, ग्रुपवरची आपली लिंक उघडे, वस्तू कार्टमध्ये टाके आणि ऑर्डर करून देई. अशा पंचवीस ऑर्डरी तरी तिने स्वतःच्या बोटाने केल्या होत्या. मग त्या गेल्या कुठे?

तिने माहिती काढली. काही लोक दुसऱ्याच्या लिंकमधला क्रमांक काढून आपला घालतात आणि आयते कमिशन खातात, असे तिला कळले. त्यावर उपाय म्हणून लिंक आखूड करून घ्यायची, म्हणजे क्रमांक उघडा दिसत नाही. तिने तेही केले. शिवाय विक्री कुठून आली ते कळावे म्हणून लिंकमध्ये माहेरच्या घोटीच्या ग्रुपसाठी एक खूण आणि गल्लीसाठी वेगळी खूण ठेवली. घोटीचा हिशेब बरोबर आला. गल्लीतल्या लिंका मात्र उघडलेल्या दिसायच्या आणि विक्री दिसायची नाही. गल्लीतल्या सगळ्या बायका तेजलच्याही ग्रुपवर होत्या. आता आणखी पुरावा तो कसला हवा?

तिचा नवरा संघर्ष अंबडच्या कारखान्यात माल तपासणीला होता. तो म्हणाला, "आमच्याकडे माल नापास झाला की आधी आपलं मशीन बघतात. शेजारच्या मशीनवाल्याची कॉलर नाही धरत."

"म्हणजे मी बिघडलेलं मशीन का?"

"मी तसं कुठं म्हटलं?"

"तुम्हाला भावजयच गुणाची वाटणार. सगळ्या घरालाच वाटते."

संघर्षने डबा उचलला आणि तो कामाला गेला.

तीस तारखेला रविवार होता. तेजल आणि तिचा नवरा रवी जेवायला आले होते. तेजलच्या अंगावर नवा कुर्ता होता. चांगुणाबाईंनी त्याचे कापड दोन बोटांत धरून पाहिले आणि "झ्याक हाय," म्हणाल्या. ललिताने तोच रंग मागच्या महिन्यात घेतला होता. तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या.

तेवढ्यात समोरच्या सखुबाई फोन घेऊन आल्या. त्यांना मिक्सर हवा होता. दहावी विक्री अशी दारात चालून आलेली पाहून ललिताचा इतक्या दिवसांचा धीर सुटला.

"आधी हिला विचारा, माझी लिंक कापणार नाही ना म्हणून."

"कोण, मी?" तेजलचा हात वाटीवर थांबला. "ताई, तुमच्या लिंकला मी कशाला हात लावू?"

"मग मी केलेल्या ऑर्डरी कुठं जातात? आपोआप?"

"जेवू तर द्या गं पोरीला," चांगुणाबाई म्हणाल्या.

"माझा मिक्सर होईल ना पण?" सखुबाईंनी विचारले.

तेजल हात धुऊन आली. "माझ्यासमोर करा ऑर्डर. होऊन जाऊ दे."

ललिताने फोन घेतला. आपली लिंक उघडली, मिक्सर कार्टमध्ये टाकला. एकदा वस्तू कार्टमध्ये पडली की आपला शिक्का बसला, अशी तिची खात्री होती. मग नेहमीप्रमाणे तिचे बोट तेजलच्या ग्रुपकडे वळले. तोच मिक्सर तिथेही होता. तिने तो उघडला, भाव पाहिला, मजकूर वाचला. "आज शेवटचा दिवस म्हणे! चार दिवस झाले, हिचा शेवटचा दिवस चाललाय." ती पुन्हा कार्टवर आली आणि ऑर्डरच्या बटणाकडे बोट नेले.

तेजलने तिचे मनगट धरले. "थांबा. हे काय केलंत?"

"काय केलं?"

"माझी लिंक उघडलीत."

"भाव बघितला."

"प्रत्येकीच्या फोनवर बघता?"

उत्तर सखुबाईंनी दिले. "दर टायमाला बघती. वर तुला चार शब्दबी ऐकवती."

रवीला ठसका लागला. तेजलने हसू दाबून सांगितले, "ताई, ऑर्डर देण्याआधी शेवटची लिंक ज्याची उघडली, त्याला कमिशन. कार्टचं काही नसतं. घोटीच्या बायका सरळ तुमची लिंक उघडतात आणि घेतात. इथं तुम्ही स्वतः..." तिचे हसू एकदम मावळले. "म्हणजे सिडकोतल्या त्या सगळ्या ऑर्डरी! मला वाटलं, इकडं माझे व्हिडिओ चालतात. ह्यांना सांगत होते मी."

तेजलचा उतरलेला चेहरा ललिताने डोळे भरून पाहून घेतला. भर पंक्तीत आपली शोभा झाली होती, तरी तेवढा एक घास तिला गोड लागला.

"आता तुमची लिंक पुन्हा उघडा," तेजल म्हणाली, "आणि मध्ये कुठंही जाऊ नका."

ललिताने तसेच केले. मिक्सर गेला. दुसऱ्या दिवशी खात्यावर तीस तारखेची विक्री नोंदली गेली. दहा पूर्ण झाल्या, खाते राहिले.

पण संध्याकाळी दारातून आवाज आलाच. "तेजलनं दावलं म्हणून वाचलं ललिताचं. लय हुशार हाय माझी धाकटी."

ललिताने भाकरी वेळेवर उलटली, एवढेच.

पुढच्या रविवारी विहाराच्या पायऱ्यांवर एका बाईने पंख्यासाठी फोन पुढे केला. ललिताने आधी तेजलचा ग्रुप काढला. पंख्याची लिंक उघडली, भाव पाहिला, मजकूर अक्षरन् अक्षर वाचला आणि नाक मुरडले. मग आपली लिंक उघडून तिने लगेच ऑर्डर दिली आणि फोन बाईच्या हातात ठेवला.