सुपारी त्याने खाल्ली, लागली मला

भुताखेताची गोष्ट निघाली की मी उठून जातो, हे आमच्या दिवेआगरात सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे हे लिहिताना संकोच होतो… पण घडले ते घडले.

तीनेक वर्षांपूर्वीचा माघ महिना. भरदुपारी वाडीत सुपारी उतरवणे चालले होते. माझा मेहुणा दत्तू पोफळीच्या शेंड्यावर. तिथून खाली न उतरता, झाड झुलवून शेजारचे झाड धरायचे असते — डोळा लागला तर संपलेच. त्यातून तो नुकताच तापातून उठलेला.

"भावोजी, पेंग येतेय," तो वरून ओरडला. "ओली सुपारी टाकतो तोंडात. लागली की झोप उडेल."

"लागली की चक्कर येईल! खाली ये आधी."

"तुम्ही कधी खात नाही, तुम्हाला काय ठाऊक?"

खरेच, मी सुपारी खात नाही. रागाने पाठ फिरवून मी पडलेल्या सुपाऱ्या पाटीत भरू लागलो. एकाएकी कान तापले, दरदरून घाम फुटला, घसा आवळला, छाती धडधडू लागली. जिभेवर तुरट चव! आणि "दत्तू, धर!" अशी हाक माझ्या तोंडून आपोआप गेली.

वळून पाहिले तर त्याचा एक हात सुटलेला. हाकेसरशी त्याने खोड कवटाळले.

उतरला तेव्हा चघळलेली सुपारी गालातच होती. "मला लागलीच नाही हो," तो म्हणाला. "डोळा मात्र लागला."

माझा पहिला संशय बायकोवर. "चहात काय घातलेस?"

"साखर. तीसुद्धा तुम्ही मोजून दिलेली!"

दुसरा संशय दत्तूवर. पण सोलपटलेल्या मांड्या नाटकात जमत नाहीत. शेवटी त्याच घडातली सुपारी मी स्वतः खाऊन पाहिली. तेच कान, तोच घाम, तोच घसा.

श्रीवर्धनचे डॉक्टर म्हणाले, "धोका जाणवला की मेंदू आधी नाडी पळवतो, माणसाला मागाहून कळते. झावळ्यांची सळसळ ऐकली असेल."

असेल. पण सळसळीने जीभ तुरट होते? यावर ते हसले आणि त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावले.

दत्तू हल्ली झाडाला हात लावण्याआधी विचारतो, "भावोजी, जागे आहात ना?"

सुरुवातीला मी ही चेष्टा समजत असे. आता "आहे" म्हणतो… आणि तो उतरेपर्यंत खाली बसत नाही.