बेल न वाजवणारा शेजारी

"मॅडम, कोणीच हसलं नाहीये," आदित्यने रिमोट टेबलावर ठेवत सांगितलं. "म्हणजे अक्षरशः कोणीच नाही."

ते मला दिसतच होतं. आमच्या नव्या विनोदी मालिकेचा पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, आम्ही कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवला होता. बघणाऱ्यांचे चेहरे कॅमेऱ्यात टिपले होते आणि आता ऑफिसात बसून ते चेहरे बघत होतो. पडद्यावर नवरा-बायको भांडतायत. दार धाडकन उघडतं. शेजारी आत येतो, सोफ्यावर बसतो आणि म्हणतो, "चालू द्या तुमचं." मूळ परदेशी मालिकेत इथे लोक पोट धरून हसतात. आमच्याकडे पहिल्या रांगेतल्या एक बाई बाजूच्या बाईंना म्हणाल्या, "यांच्या दाराला कडी नाही का?"

आदित्य आमच्या चॅनेलचा क्रिएटिव्ह हेड. माझ्या मुलाच्या वयाचा आणि माझा बॉस. "एन्ट्री लँड होत नाहीये," तो म्हणाला. "प्रॉब्लेम शेजाऱ्याचा आहे, मनोहरकाकांचा. आर्टिस्ट बदलू या."

माझं काम अडॅप्टेशनचं. परदेशातली मालिका चॅनेलने विकत घेतली की ती मराठी घरात बसवायची. याला भाषांतर म्हणत नाहीत. भाषांतरात चहा चहाच राहतो. इथे चहा आधी विचारायचा की आणूनच ठेवायचा, हेही मला ठरवावं लागतं. ही मालिका ब्रिटिश होती. नाव घेत नाही, करारात तशी अट आहे. तिचे आधीच चार देशांत रीमेक झालेले होते, आमचा पाचवा.

मालिका विकणारे सोबत नियमांचं एक बाड पाठवतात. धंद्यात त्याला बायबल म्हणतात. त्यातला पहिलाच नियम असा होता: शेजारी कधीही बेल वाजवणार नाही, थेट दार उघडून आत येईल. त्याखाली रेघ मारलेली. हे बदलायचं नाही, म्हणजे नाही. मग उरतो कोण? नट.

मनोहरकाकांना ऑडिशनमध्ये मीच निवडलं होतं. मूळचे अमरावतीचे. नोकरी सांभाळून जन्मभर हौशी नाटकं केली. बायको गेल्यावर मुलाकडे पुण्यात धायरीला आले. टीव्हीवरचं हे पहिलंच काम, आणि अमरावतीच्या अख्ख्या आळीला त्यांनी कळवून ठेवलेलं. त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात त्यांनी मला गाठलं.

"ताई, मी कमी पडून राहिलो का?"

"नाही हो काका."

"खरं सांगा. पोरगा म्हणते, बाबा, रिकामं बसण्यापेक्षा बरं. पण मले हे 'बरं' म्हणून नाही करायचं."

मी परत वर गेले आणि आदित्यला म्हणाले, "हेलनबाई येईपर्यंत थांब. तोवर काकांना काढायचं नाही."

हेलनबाई म्हणजे मूळ मालिकेच्या लेखिका. पायलटला ओके देण्यासाठी त्या पुण्यात येणार होत्या. "ठीक आहे," आदित्य म्हणाला. "पण त्यांनी ओके नाही दिलं तर काका आउट."

मग मी चारही रीमेक लावून बसले. सगळ्यांत तोच एक सीन बघायचा, शेजाऱ्याच्या एन्ट्रीचा. जर्मन मालिकेतल्या शेजाऱ्याकडे यांच्या घराची किल्ली होती. तो किल्लीने दार उघडायचा, आत यायचा आणि परत कुलूप लावून घ्यायचा. तुर्की मालिकेत चपला-बूट बाहेर काढायची पद्धत, त्यामुळे बायको बाहेरून आली की तिला दाराशी शेजाऱ्याचे बूट आधी दिसायचे. नुसते बूट दिसले की लोक हसायचे. मेक्सिकोच्या मालिकेत तर नवरा-बायको कुलूप उघडून घरात शिरले की शेजारी आधीच आत बसून जेवत असायचा. चौथ्या देशाने मात्र नियम पाळून दार जसंच्या तसं उचललं होतं. ती मालिका लवकरच गुंडाळली.

म्हणजे बेल कोणीच वाजवली नव्हती, पण ज्यांनी नियम आपापल्या घराप्रमाणे वाकवला त्यांचं चाललं. हे मी आदित्यला दाखवलं.

"करेक्ट," तो म्हणाला. "पण त्यांनी किल्ली आणली, बूट आणले. आपल्याकडे काय आहे?"

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये शेजारी बेल न वाजवता शिरला तर विनोद होत नाही, सोसायटीची मीटिंग होते.

हेलनबाई आल्या. सत्तरीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. पायलट बघितला. मग म्हणाल्या, "मला इथलं एखादं खरं घर बघायचंय." त्या बोलल्या इंग्रजीत, सांगतेय मी मराठीत.

घर म्हणजे माझंच. कांदेपोहे केले. पोह्यांची पहिली बशी संपतेय तोवर बेल वाजली. मी लाकडी दार उघडलं. बाहेरच्या जाळीच्या दारापलीकडे समोरच्या लिमयेबाई उभ्या.

"पाण्याची टाकी धुणारेत उद्या. कळलं का तुम्हाला?"

"नाही बाई. या ना आत."

"नको नको, गडबडीत आहे."

आणि त्या बोलायला लागल्या. टाकीवरून सेक्रेटरीवर आल्या, सेक्रेटरीवरून सुनेवर, सुनेवरून गुडघ्यावर. मी जाळीला हात टेकून "हो का", "कमाल आहे" करत होते. मध्ये आणखी दोनदा हाताने आत खुणावत "या ना आत" म्हटलं. शेवटी त्यांनी पदराआडून वाटी काढली. लिंबाचं लोणचं. वाटी जाळीतून जाईना. मग मी कडी काढली, वाटी मावेल एवढंच दार उघडलं, वाटी घेतली आणि कडी लावली.

वळून बघते तर हेलनबाई खुर्चीवरून उठून पॅसेजमध्ये येऊन उभ्या.

"तुम्ही दार का नाही उघडलं?"

"उघडलं असतं तर त्या आत आल्या असत्या."

"पण तुम्हीच तर त्यांना आत बोलवत होतात."

"अर्थात. बोलवायला नको?"

बाई हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग भिंतीचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसत म्हणाल्या, "हे घ्या तुमचं दार."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार देश पालथे घातले आणि स्वतःच्या घराचं दार मला दिसलं नव्हतं.

"पण तुमचा पहिला नियम?" मी विचारलं.

त्या खाली बसल्या. "माझे वडील गेले तेव्हा आई दिवसचे दिवस बोलायची नाही. समोरची बाई रोज बेल न वाजवता घरात शिरायची. काहीही बडबडायची. आई तिच्यावर चिडायची. चिडता चिडता आई बोलायला लागली. तो शेजारी म्हणजे ती बाई. म्हणून बेलचा तो नियम मी कोणाला मोडू देत नव्हते." मग लोणच्याकडे बघत म्हणाल्या, "पण दार महत्त्वाचं नव्हतं. तिला आत यायचं होतं, ते महत्त्वाचं होतं. तुमच्या शेजाऱ्यालाही यायचंय. एवढं पुरे आहे."

आयुष्यभर जपलेला सीन त्यांनी माझ्या डायनिंग टेबलावर सोडून दिला. कोण देतं हो असं? मी त्यांचे हात हातात घेतले. आभार म्हणून आणखी पोहे वाढले.

दुसऱ्या दिवशी आदित्यसमोर मी काकांना नवा सीन समजावला. शेजारी जाळीबाहेर, नवरा-बायको आत, सगळे "या ना" म्हणतायत आणि कडी कोणी काढत नाही.

काका लगेच म्हणाले, "हे तर माझंच होय. पुण्यात आलो तेव्हा मले वाटे, इथल्या लोकायचे दारंच बिघडले आहेत."

पायलट नव्याने शूट केला आणि त्याच हॉलमध्ये त्याच लोकांना दाखवला. काकांनी जाळीवर नाक टेकवून "काय करून राहिले जी?" विचारलं आणि हॉलमध्ये हशा पिकला. कडीवाल्या बाई तर शेजारणीला कोपर मारून मारून हसत होत्या. हेलनबाईंनी आदित्यला एवढंच सांगितलं, "माणूस बदलू नका." आदित्यने काकांसाठी स्वतः चहा आणला. याबाबतीत मुलगा दिलदार आहे.

सीझनच्या शेवटच्या भागात बायको पहिल्यांदा जाळीचं दार पूर्ण उघडते. मी लिहिलं होतं, शेजारी बडबडत आत येतो. टेकमध्ये काका आलेच नाहीत. उंबऱ्याशी थांबले, आपल्या पायांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "चपला इथंच काढू का?" हे माझं वाक्य नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. तो सीन तसाच ठेवला. अमरावतीची आळी तो भाग एकत्र बसून बघणार होती, असं काका नंतर म्हणाले.

मालिका सुरू झाल्यावर एका संध्याकाळी बेल वाजली. जाळीपलीकडे लिमयेबाई.

"तुमची मालिका बघते हं मी. छान आहे. पण खरं सांगू? माणसाला असं दारात ताटकळत ठेवणारे लोक हल्ली असतात का कुठे?"

"नाही ना," मी म्हणाले. त्यांचे केवढे उपकार होते माझ्यावर, आणि काकांवरही. मी कडी काढली आणि दार सताड उघडलं. "या आत."

लिमयेबाई दोन पावलं मागे सरकल्या. "अहो, काय झालं? बरं आहे ना तुम्हाला?"

मग आल्या. रात्रीच्या जेवणापर्यंत बसल्या. धडा एवढाच की मूळ कलाकृतीत बदल करायचा तर हळूहळू करावा, आणि जाळीचं दार लोक उगाच बसवत नाहीत. पण सुनेची सगळी हकीकत मात्र मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली, आणि गुडघ्याचीही.