घासून आणलेल्या गाड्या

गाडीला ओरखडा पडला की माणूस सरळ आमच्याकडे येत नाही. आधी मोबाईलवर व्हिडिओ बघतो, मग मेव्हण्याला विचारतो, मग स्वतः घासतो. गाडीची पुरती वाट लागली की येऊन म्हणतो, "जरा हात मारा हो!" रत्नागिरीत मी आणि सदा गाड्यांचं रंग-पॉलिश करतो. किस्से साठणार नाहीत तर काय!

*

एक बँकेतले साहेब. एका ओरखड्यापायी अख्खं बॉनेट ओल्या पॉलिश पेपरने घासलेलं. ओरखडा गेला, पण रंग धुरकट झाला. तो धुरकटपणा कंपाउंडची पेस्ट लावून, पॉलिशचं मशिन फिरवून घालवायचा असतो. यांनी काय करावं? खोबरेल तेल चोपडलं!

"चमकतं ना पण!"

"आणि गाडी धुतल्यावर?"

"म्हणून तर धुवत नाही!"

*

दुसरा म्हणाला, "कंपाउंड नको, त्यात केमिकल असतं." अरे, मग रंगात काय साजूक तूप असतं?

*

एकांनी नवी गाडी गणपतीपुळ्याला नेली. तिथल्या भटजीकाकांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. डाग राहील म्हणून यांनी घरी येऊन भांड्याच्या घासणीने घासलं. नेमकं त्याच आकारात!

"कुंकू गेलं," मालक रडवेला होऊन म्हणाला, "स्वस्तिक राहिलं!"

आम्ही पाणी मारत पेपर फिरवला, कंपाउंड केलं, बॉनेट आरशासारखं केलं. तर त्यांच्या आई आमच्याच अंगावर! "स्वस्तिक पुसलंत? हात कसे धजले?"

*

मालगुंडच्या एक मॅडम. त्यांच्या काळ्या गाडीचं दार आम्ही पेपरने घासून नुकतं संपवलं होतं, तेवढ्यात त्या हजर.

"काळी गाडी पांढरी केलीत!"

"मॅडम, काम अर्धंच झालंय, अजून मशिन..."

ऐकतील तर शपथ! भाट्याहून भावाला बोलावलं. तो येईपर्यंत सदाने मशिन फिरवलं. दारात समोरच्या माडाची झावळ न् झावळ दिसायला लागली. भाऊ बाह्या सरसावत आला. "कुठाय नुकसान?"

मॅडम त्याच दारात बघून केस सारखे करत होत्या. म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूला असेल!"

*

आणि हे नाना. मागच्या दारावर ओरखडे. "शेजारच्या बापूचंच काम! जळतो माझ्यावर!" मधे फक्त एक दगडी गडगा, एवढा जवळचा शेजार, पण नानांनी बोलणं टाकलं. गणपतीत आरतीलाही बोलावलं नाही. बापू बिचारे आमच्याकडे येऊन बसले. "मी हात पण लावला नाय रे गाडीला. तू तरी सांग त्याला." सांगितलं. नाना माझ्यावरच उखडले!

आम्ही ओरखडे काढले, धुरकटपणा काढला, दार लख्ख केलं. नाना न्यायला आले. खूश होऊन दाराला पाठ टेकली आणि बापूंची लफडी सांगायला लागले. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. रंगात येऊन इकडून तिकडे डोलले, आणि...

कर्रर्र!

सदाने मशिन बंद केलं. नाना वळले. दाराकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. लालबुंद झाले.

"बघितलंत?" ओरडले, "इथपर्यंत पोचला मेला!"