मंडपात लागलेली झोप

“गोळ्या चालू ठेवा, पण हा माणूस झोपत नाही तोवर गोळ्या बिचाऱ्या काय करणार?” डॉक्टर पडद्यापलीकडे आईला सांगत होते. अलीकडच्या बाकावर मी बाबांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. रक्तदाब चढलेला, छातीवर अधूनमधून दडपण. अजून काही झालेलं नाही, पण हृदयाला धोका आहे, असं ते म्हणाले. मनावर कसला ताण आहे का, असंही त्यांनी विचारलं. “छे, मजेत आहे मी,” बाबा म्हणाले. शर्टाची बटणं मात्र त्यांनी दोनदा चुकीच्या काजांत घातली. पडद्याच्या फटीतून मी ते पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. न बोलण्यात मी पटाईत होते.

बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यात मशिनवर होते. दर तिसऱ्या आठवड्याला रातपाळी. त्या आठवड्यात दिवसा आमचं घर मुकं व्हायचं. खिडक्यांना लढाईच्या वेळी ब्लॅकआउटसाठी लावलेला काळा कागद तसाच ठेवलेला, कडीला चिंधी गुंडाळलेली, कुकर बंद आणि भात पातेल्यात. त्यांच्या खोलीचं दार लावून घेऊन मी बाहेर पहारा द्यायचे. आपण त्यांना किती जपतो, असं मला वाटायचं. आत बाबा छताकडे बघत पडलेले असायचे.

आईचा माउलींवर फार विश्वास. माझा, खरं सांगायचं तर, नव्हता. शाळेत इंग्रजी प्रार्थना म्हणत मोठी झालेली मी. देवळात चारचौघांत डोळे मिटायचाही मला संकोच वाटे. एका सकाळी बाबा रातपाळीवरून आले, आंघोळ केली आणि आत जायचं सोडून ओट्याला टेकून उभे राहिले. पुढचा दिवस सुट्टीचा होता. आई म्हणाली, “पडून तरी काय करणार? आळंदीला जाऊन या. हिला न्या सोबत.” डॉक्टर विश्रांती घ्या म्हणतात आणि ही एसटीचे धक्के खायला पाठवते, म्हणून मी मनातल्या मनात चिडले.

दर्शन घेऊन आम्ही सभामंडपात खांबाशी टेकलो. एका बाजूला वारकरी विद्यार्थी मोठ्याने पाठांतर करत होते, कुणी मृदंगावर एकच बोल पुन्हा पुन्हा घोटत होता. शेजारी चाकणकडची एक म्हातारी पाय पसरून बसली होती. तिने बाबांकडे निरखून पाहिलं.

“डोळं लाल झाल्यात. निजत न्हाई व्हय?”

“रातपाळी असते, मावशी.”

“दिसा तर निजाल का न्हाई?”

डॉक्टरांना जे सांगितलं नाही ते बाबांनी तिला सांगितलं. शेजारच्या मशिनवरचा त्यांचा दोस्त दिवाळीआधी पहिली पाळी करून घरी गेला, दुपारी आडवा झाला, तो उठलाच नाही. “तेव्हापासून डोळा लागायला आला की दचकतो. दार बंद, अंधार. काही झालं तर कुणाला कळायचंही नाही.”

ते दार रोज मीच लावत होते.

“ही लेक न्हवं? बोलत न्हाई व्हय?”

“इंग्रजी शाळेत शिकलीय,” बाबा जरा अभिमानानेच म्हणाले.

“मंग देवासंगं बी इंग्रजीत बोलती काय?” म्हातारी हसली आणि तिने आपलं घोंगडं त्यांच्याकडे सरकवलं. “निजा हितंच. म्या बसलेय. यस्टीला लई येळ हाय.”

आणि त्या सगळ्या गलक्यात माझे बाबा झोपले. तोंड किंचित उघडं, हात छातीवर. त्यांना असं शांत झोपलेलं मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. लोक पाहतात म्हणून आधी मला लाजच वाटली. तासाभराने म्हातारी उठली. घोंगडं तसंच राहू दे म्हणाली आणि गाडीला गेली. मी नावही विचारलं नाही.

ती कोण होती, याचा खल मी करत नाही. माउलींनी धाडली, असं आई म्हणते. मी हल्ली नाही म्हणत नाही. आता रातपाळीच्या आठवड्यात बाबांच्या खोलीचं दार उघडं असतं, उशाशी कुणीतरी तांदूळ निवडत बसतं आणि कुकरही शिट्ट्या देतो. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी हाताला पट्टा दोनदा बांधून रक्तदाब तपासला, इतका उतरल्याची खात्री पटेना म्हणून. देवावर भार टाकणं म्हणजे फार मोठं काही असेल, असं मला वाटायचं. कुणीतरी आपल्याजवळ बसलंय, एवढं मानून डोळे मिटायचे, एवढंच ते असावं. बाबांना ते त्या दिवशी जमलं. मला थोडं उशिरा, म्हातारी गेल्यावर.

ती गाडीला गेली, बाबा अजून झोपलेलेच होते, तेवढ्यात देवळातला सेवेकरी झाडत झाडत आमच्यापाशी आला. “ओ ताई, उठवा त्यांना. झोपायची जागा आहे का ही?” आजूबाजूच्या माना वळल्या. एरवी मी मान खाली घालून बाबांना हलवलं असतं.

“माझे वडील आहेत,” मी म्हणाले, “रात्रभर मशिनवर उभे होते. त्यांना नाही उठवणार मी. तो झाडू द्या इकडे, एवढा भाग मी झाडते.”